विसरलेला सोबती
शाळा, निरीक्षणगृह आणि कारागृह येथील मनांचा सांभाळ

आदरणीय यूसुफ (अ.) यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भावांचा मत्सर, अंधारी विहीर, मिस्रचा बाजार, अजीजचे घर, कारागृह आणि शेवटी राज्याच्या भांडारांची जबाबदारी हे सारे टप्पे आपल्याला पाठ आहेत. परंतु या कथेतील एक प्रसंग एकाच आयतीत येतो आणि वाचता वाचता मागे पडतो. कारागृहातील दोन तरुणांना यूसुफ (अ.) त्यांच्या स्वप्नांचा अर्थ सांगतात. जो सुटणार आहे त्याला ते एवढीच विनंती करतात की, तुझ्या धन्याजवळ माझा उल्लेख कर. तो तरुण सुटतो, दरबारात रुजू होतो, आणि शैतान त्याला त्या विनंतीचा विसर पाडतो. परिणामी एक निर्दोष मनुष्य आणखी काही वर्षे कोठडीत राहतो (कुरआन, १२:४२).

वाचकहो, हा विसरणारा सोबती दुष्ट नव्हता. त्याने यूसुफ (अ.) यांच्यावर आरोप केला नव्हता की त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली नव्हती. बाहेर पडल्यावर तो आपल्या कामाला लागला, इतकेच. प्रामाणिकपणे विचार केला तर आपल्यापैकी बहुतेक जण आज त्याच्याच जागी उभे आहेत. आपल्या मोहल्ल्यातील एखादा मुलगा वर्गात दिवसेंदिवस मुका होत जातो, एखादा निरीक्षणगृहात पोहोचतो, एखादा तरुण खटला संपण्याची वाट पाहत कारागृहात वर्षे काढतो. आपण त्यांचे वैरी नसतो. आपल्याला त्यांचा विसर पडलेला असतो.

या तिन्ही ठिकाणी मनाची पडझड कशी होते, ती सावरण्याविषयी इस्लामची शिकवण काय आहे आणि आपल्या देशाचा कायदा कोणता आधार देतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तीन स्वप्ने आणि तीन श्रोते

सूरह यूसुफमध्ये तीन ठिकाणी कोणीतरी आपले स्वप्न दुसऱ्याला सांगतो. पहिले स्वप्न एक मूल आपल्या पित्याला सांगते. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे झुकलेले पाहिल्याचे ते बालक सांगते तेव्हा आदरणीय याकूब (अ.) त्याला हसत नाहीत, गप्प बसवत नाहीत. ते ऐकून घेतात, त्यातील धोका ओळखतात आणि हे भावांना सांगू नकोस असे मायेने बजावतात. दुसऱ्या ठिकाणी दोन तरुण कैदी आपापले स्वप्न सांगतात. ते यूसुफ (अ.) यांच्याकडेच का येतात, याचे कारण कुरआनने नोंदविले आहे: त्या कोठडीत हा मनुष्य त्यांना सदाचारी दिसला होता. तिसरे स्वप्न राजाचे. दरबारातील जाणकार ते विस्कळीत भास म्हणून बाजूला सारतात. तेव्हा कोठे त्या सुटलेल्या सोबत्याला आठवण होते की, स्वप्न नीट ऐकून घेणारा एक मनुष्य आपण कारागृहात मागे ठेवून आलो आहोत.

घर, कारागृह आणि राजदरबार! तिन्ही ठिकाणी सांगणारा अस्वस्थ आहे आणि तिन्ही ठिकाणी ऐकणारा भेटल्यावरच कथा पुढे सरकते. मनाच्या आरोग्याविषयी आज जे जे लिहिले व बोलले जाते त्याचा पाया हाच आहे. संकटात तगून राहण्याचे बळ मनुष्य एकट्याने जन्माला घालत नाही. कोणीतरी आपले ऐकले, कोणाला तरी आपली आठवण आहे, या जाणिवेतून ते वाढते. ही जाणीव तुटली की बळकट मनुष्यही खचतो.

सब्र म्हणजे मौन नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मनाचे दुखणे बोलून दाखविणारा मनुष्य श्रद्धेने कच्चा असतो, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. एखाद्या मुलाने जीव घाबरतो, झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही असे सांगितले की त्याला नमाज वाढव, सब्र कर असे सांगून आपण मोकळे होतो. नमाज आणि सब्र हे श्रद्धावंताचे आधार आहेत यात संशय नाही. परंतु सब्र म्हणजे काय हे याकूब (अ.) यांच्याकडून शिकावे. यूसुफ (अ.) हरवल्यावर त्यांनी उत्तम सब्रचा निश्चय केला. त्याच याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे पडले, असेही कुरआन सांगतो (१२:८४). घरच्यांनी त्यांना दोष दिला की, यूसुफची आठवण काढता काढता तुम्ही स्वतःला संपवून घ्याल. आपण आपले दुःख अल्लाहजवळच मांडतो, असे त्यांनी उत्तर दिले. आणि लगेच मुलांना आज्ञा केली: जा, यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका (१२:८७).

या एका प्रसंगात तीन गोष्टी एकत्र नांदतात. अश्रू आहेत, प्रार्थना आहे आणि शोधासाठी उचललेले पाऊलही आहे. ज्या प्रेषिताच्या सब्रला कुरआनने आदर्श मानले तो प्रेषित रडत होता. मग आपल्या घरातील मुलाचे रडणे श्रद्धेच्या विरोधात कसे जाईल?

उपचाराविषयीही शिकवण स्पष्ट आहे. आम्ही औषधोपचार करावा काय, असे काही लोकांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला आणि अल्लाहने वार्धक्यावाचून प्रत्येक व्याधीवर उपाय ठेवला असल्याचे सांगितले. या शिकवणुकीतूनच मुस्लिम जगात मोठी रुग्णालये उभी राहिली. दमिश्कचे नूरी रुग्णालय बाराव्या शतकातले, तर कैरोचे मन्सूरी रुग्णालय १२८४ सालचे. तेथे शरीराच्या रुग्णांप्रमाणेच मनाच्या रुग्णांचीही व्यवस्था होती. त्याही आधी, दहाव्या शतकात निवर्तलेल्या अबू जैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि मनात वारंवार येणारे नकोसे विचार यांचा त्याने वेगवेगळा विचार केला. त्याची एक सूचना आजही उपयोगी आहे. अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी शहाणा मनुष्य घरात औषध ठेवतो. त्याचप्रमाणे मन निरोगी असतानाच त्याने चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे अडचणीच्या वेळी ते हाताशी असतील. मनाची तग धरण्याची शक्ती वाढविणे म्हणजे दुसरे काय?

शाळा : पहिला दरवाजा

मनाचे सुमारे निम्मे विकार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. चौदावे वर्ष म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीचा वर्ग. याचा अर्थ असा की पुढे डॉक्टरकडे, न्यायमंडळापुढे किंवा कारागृहात जे दुखणे उघडे पडते त्याची पहिली चाहूल बहुधा वर्गशिक्षकाला लागू शकते. पूर्वी बोलका असलेला मुलगा शेवटच्या बाकावर गप्प बसू लागतो. हजेरी घसरते. डबा तसाच परत जातो. क्षुल्लक कारणावरून तो अंगावर धावून जातो. आपण त्याला आळशी, उद्धट किंवा बिघडलेला म्हणतो. त्याच्या घरी काय घडले आहे, हे विचारण्याचे राहून जाते.

प्रेषित (स.) यांची वागणूक येथे डोळ्यांपुढे ठेवावी. अबू उमैर नावाच्या एका लहान मुलाने एक पाखरू पाळले होते. ते मेले आणि मूल उदास झाले. राज्याचा कारभार, लढाया, शिष्टमंडळे यांच्या गर्दीतही प्रेषितांनी त्या मुलाची उदासी पाहिली आणि त्याच्या पाखराची लडिवाळपणे चौकशी केली. पाखरू मोठ्यांच्या दृष्टीने किरकोळ होते, पण मुलाचे दुःख किरकोळ नव्हते. आदरणीय अनस (र.) यांनी बालवयापासून दहा वर्षे प्रेषितांची सेवा केली. त्या दहा वर्षांत आपल्याला एकदाही वैतागाचा शब्द ऐकावा लागला नाही, अशी साक्ष त्यांनी पुढे दिली. वर्गात छडी उगारणाऱ्या प्रत्येक हाताने, मग तो शाळेतील असो वा मक्तबमधील, या साक्षीपुढे क्षणभर थांबावे.

देशाचा कायदाही याच दिशेने आला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशभरातील शिक्षणसंस्थांना व शिकवणी वर्गांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी कायमचा संपर्क ठेवावा. आपल्या समाजाच्या व्यवस्थापनाखालील अनेक शाळा आहेत. त्यांच्या विश्वस्तांनी इमारतीच्या रंगकामाइतकीच तत्परता या नेमणुकीत दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

एखादे मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर ते नाटक समजू नये आणि पापाची भीती घालून त्याचे तोंडही बंद करू नये. जवळ बसावे, त्याचे शांतपणे ऐकावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी. १४४१६ हा शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. दुआ जरूर करावी. पण जिन्न किंवा जादूटोण्याच्या नावाखाली उपचाराचे महिने वाया घालवू नयेत.

वाट चुकलेले मूल

आता दुसरा दरवाजा. अल्पवयीन मुलाच्या हातून चोरी होते, मारामारी होते, कधी त्याहून गंभीर कृत्य घडते. मोहल्ल्याचा निकाल तत्काळ लागतो: हा मुलगा गेला! इस्लामी न्यायविचार मात्र इतकी घाई करीत नाही. झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी ढळलेला शुद्धीवर येईपर्यंत या तिघांच्या कृत्यांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, ही प्रेषितांची शिकवण प्रसिद्ध आहे. वय आणि मनाची अवस्था लक्षात घेतल्याशिवाय जबाबदारी ठरविता येत नाही, हे तत्त्व चौदाशे वर्षांपूर्वी असे सांगितले गेले.

एक प्रसंग तर बालन्यायाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने मनात जपून ठेवावा असा आहे. एक तरुण प्रेषितांपुढे येऊन उघडपणे व्यभिचाराची परवानगी मागू लागला. उपस्थित लोक त्याच्यावर तुटून पडले. प्रेषितांनी मात्र त्याला जवळ बोलावून बसविले. आपल्या आईच्या, मुलीच्या, बहिणीच्या, आत्याच्या व मावशीच्या बाबतीत तुला हे आवडेल काय, असे एकेक करून विचारले. प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. इतरांनाही आपल्या नातलगांविषयी असेच वाटते, हे प्रेषितांनी त्याला समजाविले. मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्या क्षमेसाठी व हृदयाच्या शुद्धीसाठी प्रार्थना केली. त्यानंतर तो तरुण त्या वाटेकडे वळला नाही. येथे चुकीला चूकच म्हटले गेले. परंतु आधी जवळीक, मग प्रश्न, मग समज आणि शेवटी प्रार्थना हा क्रम राखला गेला. आपण हा क्रम नेमका उलटा करतो आणि जवळीक तर विसरूनच जातो.

२०१५ चा बालन्याय कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो. अशा बालकाला पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बालन्याय मंडळापुढे उभे करावे लागते. या मंडळात न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी एक स्त्री असावी लागते. समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी पाठविणे अशा अनेक वाटा मंडळापुढे असतात. सोळा ते अठरा वयोगटातील बालकावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची प्राथमिक पारख करावी लागते. तरीही त्याला फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

ही माहिती प्रत्येक मस्जिद समितीकडे असायला हवी. पोलीस मुलाला घेऊन जातात तेव्हा घाबरलेल्या आईवडिलांना काय करावे हेच सुचत नाही. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला कोठे न्यायचा, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कसा मिळवायचा, निरीक्षणगृहात मुलाला कधी भेटता येते, हे सांगणारा एक माणूस त्या रात्री त्यांच्या दाराशी उभा राहिला तर अर्धे संकट हलके होते. मुलाच्या मनावरही याचा परिणाम होतो. विहिरीत टाकलेल्या यूसुफ (अ.) यांना अल्लाहने तेथेच दिलासा दिला होता की, एक दिवस येईल जेव्हा या कृत्याची जाणीव तू त्यांना करून देशील. अंधारात पडलेल्या मुलाला प्रथम हेच कळायला हवे की, त्याची गोष्ट येथे संपलेली नाही.

भिंतीआड

तिसरा दरवाजा सर्वांत जड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. शिक्षा झालेल्याला निदान सुटकेचा दिवस मोजता येतो. कच्च्या कैद्याला तेही जमत नाही. पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख, आणि मुलाखतीला घरचे येतील की नाही याची धास्ती! मनाला आतून पोखरणारी याहून मोठी गोष्ट कोणती असेल?

यूसुफ (अ.) कोणताही गुन्हा न करता कारागृहात गेले. त्यांच्या निर्दोषत्वाच्या खुणा दिसल्यावरही त्यांना आत टाकण्यात आले, असे कुरआन सांगतो (१२:३५). तेथे त्यांनी काय केले? सोबत्यांची विचारपूस केली, त्यांना एकेश्वरत्वाची ओळख करून दिली, त्यांच्या स्वप्नांना वेळ दिला. पुढे राजाचे बोलावणे आले तेव्हा ते धावत सुटले नाहीत. आधी त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करा, असा निरोप त्यांनी परत पाठविला (१२:५०). सुटका हवी होती, पण डाग घेऊन नव्हे. निर्दोष ठरण्याची ही तळमळ ज्याला समजते, त्याला चांगल्या वकिलाची किंमतही समजते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्यासाठीच्या कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मुदत निम्म्या शिक्षेची आहे. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. आपल्या ओळखीतील एखाद्या बंद्याचा हा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे काय? जामीन मंजूर होऊनही रक्कम किंवा जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेले लोक आहेत. तेथे समाजाच्या सामूहिक निधीचा विनियोग कसा करता येईल, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

मानसिक आरोग्याचे सांगायचे तर, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचार केंद्र उभारण्याचे बंधन शासनावर घातले. कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक मानसोपचाराचे प्रशिक्षण देण्यासही सांगितले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, हे तत्त्वही याच कायद्याने स्वीकारले. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१५ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाने मंजूर केलेल्या नियमांनी सलग पंधरा दिवसांपेक्षा अधिक एकांतकोठडीला मनाई केली. एकटेपणा हीच एक यातना आहे, याची ही कबुली होय.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. आठव्या शतकात काजी अबू यूसुफ यांनी खलिफा हारून अल-रशीद यांच्यासाठी राज्याच्या महसुलावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कैद्यांचाही प्रश्न घेतला. कैद्यांना साखळ्या घालून भीक मागायला बाहेर पाठवू नये. त्यांच्या खाण्यापिण्याची नेमणूक ठरवून ती विश्वासू माणसाकरवी नावानिशी हातात द्यावी. हिवाळ्याचे व उन्हाळ्याचे कपडे वेगळे द्यावेत. प्रकरणांची वेळोवेळी तपासणी करावी, म्हणजे विनाकारण कोणी आत राहणार नाही. नावानिशी द्यावी, या एका सूचनेत किती अर्थ आहे! यादीत नाव असणे म्हणजे कोणाच्या तरी आठवणीत असणे. कुरआनने गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा एकाच आयतीत केली आहे (७६:८).

बद्रच्या लढाईत पकडलेल्या कैद्यांपैकी जे साक्षर होते पण खंडणी देऊ शकत नव्हते, त्यांना मदीनेच्या मुलांना लिहावाचायला शिकविण्याच्या मोबदल्यात मुक्त करण्यात आले. कालचा शत्रू आज मुलांचा शिक्षक झाला. त्याच्या हाताला काम, कामाला प्रतिष्ठा आणि सुटकेला वाट मिळाली. आजच्या कारागृहातील ग्रंथालय, मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम किंवा हस्तकलेचा वर्ग यांची उपयुक्तता आणखी कोणत्या शब्दांत पटवावी? अकराव्या शतकातील विधिज्ञ इमाम सरख्सी यांनी आपल्या विशाल ग्रंथाचा मोठा भाग विहिरीसारख्या बंदिवासातून, वर बसलेल्या शिष्यांना सांगून लिहवून घेतला, असे परंपरा सांगते. मात्र त्या शिष्यांकडेही पाहावे. गुरूला विहिरीत एकटे सोडून ते निघून गेले नव्हते, म्हणून तो ग्रंथ झाला.

आणि बंद्यांची मुले? मातेबरोबर कारागृहात राहणाऱ्या बालकाला सहा वर्षे वयापर्यंतच तेथे ठेवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिले आहे. त्यानंतर ते मूल कोणाच्या हाती जाते? महाराष्ट्राच्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. त्यात जाळीच्या पलीकडून नव्हे, तर प्रत्यक्ष कुशीत घेऊन बंदी आपल्या मुलांना भेटतात. त्या दिवशी मुलाला कारागृहाच्या दारापर्यंत कोण घेऊन जाणार? भाडे कोण देणार? हे प्रश्न लहान दिसतात, पण अनेक भेटी त्यांच्यापायीच राहून जातात.

परतणाऱ्याचे स्वागत

सुटकेनंतरची परीक्षा याहून अवघड असते. प्रेषितांच्या काळात मद्यपानाबद्दल शिक्षा भोगलेल्या एका मनुष्याला कोणी शाप दिला. प्रेषितांनी त्याला थांबविले. आपल्या भावाविरुद्ध शैतानाचे साहाय्यक होऊ नका, असे समजाविले. शिक्षा झाली होती, हिशेब संपला होता. त्यानंतरचा अपमान केवळ शैतानाच्या कामी येणार होता.

यूसुफ (अ.) यांच्या हाती सत्ता आल्यावर त्यांना छळणारे भाऊ पुढ्यात उभे होते. आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही, असे त्यांनी जाहीर केले (१२:९२). पुढे आईवडील भेटल्यावर ते अल्लाहचे उपकार मोजू लागले. आपल्याला कारागृहातून बाहेर काढले, हा उपकार त्यांनी सांगितला. विहिरीचा मात्र उल्लेख केला नाही (१२:१००). टीकाकारांनी येथे एक सुंदर गोष्ट टिपली आहे: भाऊ समोर होते, त्यांना लाज वाटू नये म्हणून ते विहिरीविषयी बोलले नाहीत. बालन्याय कायद्यानेही असाच एक पडदा घातला आहे. बालकाला पूर्वीच्या निर्णयामुळे सर्वसाधारणपणे पुढे कोणतीही अपात्रता लागू होत नाही. कायदा ज्याला पडदा म्हणतो तो मोहल्ल्याने चव्हाट्यावर फाडावा, हे श्रद्धावंतांना शोभते काय?

अभ्यासवर्गासाठी

वाचकहो, हा लेख वाचून मिटून ठेवण्यासाठी नाही. आपल्या साप्ताहिक बैठकीत पुढील प्रश्नांवर चर्चा करावी आणि प्रत्येक प्रश्नापुढे एका जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे.

१. आपल्या परिसरातील शाळेत व मक्तबमध्ये मुलांचे ऐकून घेणारी नेमलेली व्यक्ती कोण आहे? नसल्यास व्यवस्थापनाशी कोण बोलणार?

२. शुक्रवारच्या प्रवचनात मनाच्या आजारांविषयी शेवटचे कधी सांगितले गेले? टेलि-मानस व विधी सेवेचे क्रमांक मस्जिदीच्या फलकावर आहेत काय?

३. आपल्या मोहल्ल्यातील किती मुले निरीक्षणगृहात व किती व्यक्ती कारागृहात आहेत? त्यांची नावे कोणाला माहीत आहेत? त्यांच्या घरची चूल कशी पेटते?

४. गेल्या वर्षभरात जो सुटून आला त्याच्याशी कोणी हस्तांदोलन केले? त्याला काम कोणी दिले?

तिसऱ्या प्रश्नाशी आपण अडखळू, याची मला जाणीव आहे. नावेच ठाऊक नसतील तर तेथूनच आरंभ करावा. एक वही घ्यावी, नावे लिहावीत, प्रत्येक नावासाठी दुआ करावी आणि प्रत्येक नावामागच्या घरी जाऊन यावे. तो राजाचा सेवक अनेक वर्षांनी का होईना, पुन्हा कारागृहाच्या दाराशी गेला. त्याच्या त्या आठवणीतून एका निर्दोषाची सुटका झाली आणि दुष्काळात सापडणाऱ्या एका संपूर्ण देशाचे प्राणही वाचले. अल्लाहने आपल्याला विसरणाऱ्यांतून उठवून आठवण ठेवणाऱ्यांत बसवावे. आमीन.